उजेड हवाय की नुसता झगमगाट?

हेडलाइटचा बल्ब बदलायला पाच मिनिटं लागतात. पण त्या बल्बला करंट पुरवणाऱ्या वायरचा, स्विचचा आणि समोरून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचा विचार करायला तेवढाही वेळ कुणी देत नाही.

घरात एक जुनी छोटी कार असते. बाबांनी दहा-बारा वर्षं जपून वापरलेली. आपल्याला लायसन्स मिळतं, किल्ली हातात येते, मित्र गोळा होतात आणि ठरते पावसाळ्यातली ट्रिप. ताम्हिणी, वरंधा नाहीतर आंबोली. दिवसा सगळं झकास. अंधार पडला की मात्र लक्षात येतं, की गाडीच्या दिव्यांत काही दमच नाहीये. पाऊस, ओला काळा रस्ता, रस्त्याच्या कडेचा पुसलेला पांढरा पट्टा आणि आपल्या बंपरपुढे पडलेला पिवळट उजेड. वर समोरून एखादी एसयूव्ही पांढरेशुभ्र दिवे अंगावर सोडत येते आणि क्षणभर काहीच दिसत नाही.

ट्रिपहून आलं की ग्रुपवर सल्ले सुरू. 'भावा, शंभरचे बल्ब टाक.' 'छे, एलईडी टाक, मी टाकलेत.' 'एचआयडी बसव, रात्रीचा दिवस होतो.' पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर यातलं सगळं मिळतं आणि लगेच बसवूनही मिळतं. दुकानाबाहेर उभ्या गाडीत, भर दुपारी, अर्ध्या तासात काम फत्ते.

अंधारात नीट दिसायला हवं ही गरज अगदी खरी आहे. त्यात शायनिंग मारण्याचा भाग असला तरी मुद्दा सुरक्षिततेचाच आहे. म्हणूनच हे काम समजून करायला हवं. कारण चुकीच्या पद्धतीने वाढवलेला उजेड आपल्याला जास्त दाखवत नाही, समोरच्याला आंधळं करतो आणि कधीकधी डॅशबोर्डमागची वायरही वितळवतो.

शंभरचा बल्ब, वायर मात्र जुनीच

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत एच-४ नावाचा हॅलोजन बल्ब असतो. त्यावर ६०/५५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे अप्परला ६० वॉट आणि डिप्परला ५५ वॉट. बाजारात याच आकाराचा १००/९० वॉटचा बल्ब मिळतो. त्याच होल्डरमध्ये, त्याच कपलरला तो फिट्ट बसतो. गडबड इथेच होते. बल्ब बसतो म्हणून आपल्याला वाटतं, की तो चालतोही.

बारावीच्या फिजिक्सची जरा आठवण काढू. वॉट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १२ व्होल्टवर ६० वॉटचा बल्ब ५ अँपिअर करंट ओढतो. १०० वॉटचा ओढतो ८.३ अँपिअर. दोन्ही बाजूंचे मिळून पूर्वी १० अँपिअर जात होते, आता जवळपास १७. गाडी बनवणाऱ्या कंपनीने वायरची जाडी, कपलरच्या पिना आणि स्विचचे पॉइंट हे पहिल्या आकड्यासाठी ठरवलेले असतात. वायरमध्ये होणारी उष्णता ही करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे करंट १.६७ पट झाला, की उष्णता होते पावणेतीन पटींपेक्षाही थोडी जास्त. बल्ब पावणेदोन पटही मोठा नाही, पण वायर मात्र पावणेतीन पट तापते.

ही उष्णता सगळीकडे सारखी नसते. वायरच्या मधल्या भागात फारसं काही होत नाही. जिथे जोड आहे, पिन सैल आहे किंवा गंज चढलाय तिथे रेझिस्टन्स जास्त, म्हणून तिथेच आग ओकली जाते. बल्बमागचा प्लास्टिकचा होल्डर आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि शेवटी चुरगळतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत हेडलाइटचा पूर्ण करंट स्टिअरिंगजवळच्या दांडीतल्या स्विचमधून जातो. मग तो स्विच आतून जळायला लागतो. भर घाटात वळणावर दिवे अचानक गेले तर त्याचं कारण बरेचदा हे असू शकतं.

गंमत म्हणजे एवढं करून उजेडही अपेक्षेइतका वाढत नाही. वायर बारीक असली की तिच्यात व्होल्टेज पडतं आणि करंट वाढला की ते आणखी पडतं. हॅलोजन बल्ब व्होल्टेजच्या बाबतीत फार नाजूक असतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झालं तर उजेड १० टक्क्यांनी नाही, साधारण ३० टक्क्यांनी घटतो. म्हणजे जास्तीच्या वॉटचा मोठा हिस्सा वायर गरम करण्यातच जातो.

फ्यूजशी पंगा नको

शंभरचे बल्ब टाकले, की काही दिवसांत फ्यूज उडतो. तो बिचारा त्याचं काम करत असतो. पण दुकानातला पोरगा म्हणतो, 'काही नाही दादा, १५चा काढून ३०चा टाकतो.' दिवे लागतात, सगळे खूश.

हा या सगळ्या प्रकारातला सर्वांत धोकादायक क्षण. फ्यूज बल्ब वाचवण्यासाठी नसतो, वायर वाचवण्यासाठी असतो. वायर जेवढा करंट सहन करू शकते, त्याच्या आत फ्यूज वितळला पाहिजे. १५च्या जागी ३०चा फ्यूज टाकला, की उद्या शॉर्ट झालं तर फ्यूज शाबूत राहील आणि वायरच फ्यूजसारखी वितळेल. फरक इतकाच, की फ्यूज डबीत वितळतो आणि वायर वितळते ती डॅशबोर्डमागे, कार्पेटखाली, इतर दहा वायरींच्या जुडग्यात. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी किंवा तांब्याची तार गुंडाळणं हा त्याचाच आणखी वाईट अवतार.

फ्यूज वारंवार उडत असेल तर गाडी आपल्याला काहीतरी सांगतेय. तिचं तोंड बंद करण्याऐवजी ती काय सांगतेय ते ऐका.

रिले नावाचा हुशार शिपाई

मग काहीच करता येत नाही का? येतं की. ज्यांना वायरिंग खरंच कळतं, ते बल्ब बदलण्याआधी व्होल्टेज मोजतात. साध्या मल्टिमीटरने तुम्हीही मोजू शकता. इंजिन चालू ठेवून, हेडलाइट लावून बॅटरीच्या दोन टोकांवर किती व्होल्ट दिसतात ते बघायचं. मग तेच बल्बच्या कपलरवर बघायचं. बॅटरीवर १३.८ आणि कपलरवर १२.४ आले, तर वाटेत १० टक्के गायब झाले. म्हणजे तुमच्या गाडीतला साधा ५५ वॉटचा बल्ब त्याच्या ताकदीच्या सत्तर टक्केच उजेड देतोय. नवीन बल्बची गरजच नाही, आहे त्यालाच पोटभर जेवण द्यायचंय.

इथे कामाला येतो रिले. रिले म्हणजे करंटचं दार उघडणारा शिपाई. दांडीवरचा स्विच रिलेला फक्त इशारा देतो, त्यासाठी अँपिअरचा छोटासा अंश पुरतो. इशारा मिळाला, की रिले बॅटरीपासून थेट बल्बपर्यंत जाड वायरने करंट सोडतो. स्विचवरचा भार उतरतो, व्होल्टेजची गळती कमी होते आणि मूळ ६०/५५चाच बल्ब एकदम खुलतो.

पण रिलेचं किट बसवलं म्हणजे प्रश्न मिटला असं नाही. स्वस्त किटमध्ये तांब्यासारखी दिसणारी पण आत अॅल्युमिनिअम असलेली वायर असते. वरून जाड दिसते ती बरेचदा नुसत्या प्लास्टिकमुळे. बसवताना चार गोष्टी बघाच. बॅटरीपासून निघणाऱ्या वायरला फ्यूज असलाच पाहिजे आणि तो बॅटरीच्या अगदी जवळ हवा. कारण शॉर्ट झालं तर कारची बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते आणि फ्यूजच्या अलीकडच्या वायरला कुणीच वाली नसतो. दुसरं, अर्थिंगची वायरही तेवढीच जाड हवी आणि ती रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट कसलेली हवी. तिसरं, वायर कुठेही पत्र्याच्या धारेवर घासता कामा नये आणि इंजिनच्या गरम भागापासून लांब हवी. चौथं, जोड नुसते पिळून वर काळी टेप गुंडाळलेले नकोत. इंजिनच्या उष्णतेने त्या टेपचा गोंद सुटतो आणि एका पावसाळ्यात जोड हिरवा पडतो. नीट दाबलेली पिन आणि बंदिस्त कपलर, एवढाच आग्रह धरा.

आणि हो, रिले लावला म्हणून शंभरचा बल्ब चालेल असंही नाही. वायर वाचेल, पण आतल्या रिफ्लेक्टरवरची चंदेरी झिलई आणि पुढची पॉलिकार्बोनेटची काच यांना जास्तीची उष्णता सोसवेलच असं नाही. झिलई उडाली, की पुढचा कुठलाही बल्ब मंदच दिसणार.

नव्या गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यात दिवे कॉम्प्युटर चालवतो. बल्ब किती करंट ओढतोय यावर त्याची नजर असते. तिथे वायर कापून जोड दिला, की डॅशबोर्डवर एरर येते, दिवे लुकलुकतात, कधी कंट्रोल युनिटच जातं. वॉरंटीवर पाणी पडू शकतं ते वेगळंच.

एलईडी आणि एचआयडी: बसतं सगळं, जमतं थोडं

'एलईडी कमी वॉट खातो, मग वायरिंगला कसला धोका?' बरोबर आहे. करंटच्या बाबतीत एलईडी बल्ब सहसा हलकाच. पण त्याचे उपद्व्याप वेगळे. एलईडीची उष्णता पुढे काचेकडे जात नाही, मागे बुडाकडे साठते. म्हणून त्याला मागे पंखा किंवा जाड हीटसिंक असतो. तो मावत नाही म्हणून मागचं रबरी झाकण कापलं जातं आणि हेडलाइटमध्ये पावसाचं पाणी शिरतं. नव्या गाडीत एरर येऊ नये म्हणून जोडीला रेझिस्टर लावतात. त्याचं कामच मुळी करंट वाया घालवून गरम होणं. तो टेपने प्लास्टिकला किंवा वायरच्या जुडग्याला बांधला, तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

एचआयडीमध्ये तर बल्ब पेटवताना क्षणभर वीस हजार व्होल्टच्या आसपास झटका दिला जातो. त्याचा डबा, म्हणजे बॅलास्ट, पाण्यापासून लांब आणि पक्का बसवावा लागतो. तो दोन प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून लोंबकळत ठेवण्याची गोष्ट नाही. दिवे चालू असताना त्याच्या वायरींत बोटं घालण्याचीही नाही.

पण या दोघांचा खरा घोळ उजेडाच्या आकारात आहे. एच-४ बल्बमध्ये दोन बारीक फिलामेंट असतात आणि डिप्परच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ही वाटी उजेड वर जाऊ देत नाही. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या फिलामेंटची जागा धरून आखलेला असतो. तिथे मिलिमीटरचा फरक पडला तरी उजेड भरकटतो. आपण तिथे वेगळ्या आकाराच्या एलईडी चिप किंवा एचआयडीची नळी ठेवतो. मग उजेड खूप होतो, पण हवा तिथे पडत नाही. जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बना परवानगी मिळाली आहे, तीही ठरावीक बल्ब आणि ठरावीक गाडीचं मॉडेल अशी जोडी तपासून. एकच बल्ब सगळ्या गाड्यांना चालतो, हे तिथे कुणी मानत नाही.

प्रोजेक्टर बसवणाऱ्यांसाठी आणखी एक. आपण डावीकडून गाडी चालवतो. त्यामुळे आपल्या डिप्परचा उजेड डाव्या कडेला थोडा वर चढतो आणि उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याकडे, खाली राहतो. उजवीकडून चालणाऱ्या देशांसाठी बनलेला प्रोजेक्टर बसवला, तर नेमकं उलटं होतं. चढणारा उजेड थेट समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत.

बंपरपुढचा लख्ख धोका

नवीन पांढरे दिवे बसवल्यावर पहिल्या रात्री वाटतं, वा, काय दिसतंय! त्यात एक फसवणूक आहे. भरकटलेला बराचसा उजेड गाडीसमोरच्या पहिल्या दहा-पंधरा मीटरमध्ये पडतो. तेवढा रस्ता लखलखतो. आपले डोळे त्या उजेडाला जुळवून घेतात आणि त्यापलीकडचा अंधार आणखी गडद होतो. जवळचा खड्डा स्पष्ट, पण लांब रस्त्यात बसलेली म्हैस गायब.

आता जरा हिशेब. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. काहीतरी दिसलं, मेंदूला कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, यात दीड सेकंद धरा. ३३ मीटर तिथेच संपले. कोरड्या रस्त्यावर करकचून ब्रेक मारला तरी आणखी साधारण ३५ मीटर. म्हणजे जवळपास ७० मीटर. ओल्या डांबरावर त्याहून बरेच जास्त. साध्या हॅलोजनच्या डिप्परवर गडद कपड्यांतला माणूस बरेचदा ५०-६० मीटरवर आल्यावर दिसतो. हे अंतर बंपरपुढच्या झगमगाटाने भरून निघत नाही.

आणि समोरचा? ताशी ६० किलोमीटरने येणारा बाइकवाला तीन सेकंद दिपला, तर तो ५० मीटर रस्ता न बघता कापतो. वय वाढलं, की दिपलेले डोळे सावरायला जास्त वेळ लागतो. त्या बाइकवर कुणाचेही बाबा असू शकतात.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ क्रमांकाचा नियम फार चित्रमय आहे. दिव्यापासून ८ मीटर समोर, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर कुणाचे डोळे असतील, तर ते दिपता कामा नयेत, इतका उजेड कायम खाली झुकलेला हवा. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. कलम १८२ए नुसार परवानगी नसलेला बदल गाडीत केला, तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. लक्षात घ्या, मालकाला. म्हणजे बल्ब तुम्ही टाकणार आणि कागद बाबांच्या नावाने फाटणार. वायरिंगमधून आग लागली तर विमा कंपनीही आधी हाच प्रश्न विचारणार, की मूळ वायरिंगला हात कुणी लावला?

पैसे खर्च करण्याआधी हे करून बघा

१. काच बघा. पिवळी, धुरकट झालेली हेडलाइटची काच बराच उजेड आतच गिळते. ती पॉलिश करून घेणं किंवा काच फारच गेली असेल तर चांगल्या दर्जाचा नवीन हेडलाइट बसवणं, हा सर्वांत मोठा बदल ठरू शकतो. पुढच्या विंडशील्डची काचही आतून पुसा.

२. ते छोटं चाक शोधा. बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ०, १, २, ३ असे आकडे असलेलं चाक असतं. मागे तिघं बसले आणि डिकी बॅगांनी भरली, की गाडीचं नाक वर होतं आणि दिवे आभाळाकडे बघायला लागतात. अशा वेळी आकडा वाढवायचा, दिवे खाली येतात.

३. भिंतीसमोर उभं राहा. सपाट जागेवर भिंतीपासून ५ मीटरवर गाडी लावा, चाक शून्यावर ठेवा, डिप्पर लावा. उजेडाची वरची कड हेडलाइटच्या मध्याच्या उंचीपेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. ती वर असेल किंवा दोन दिवे दोन दिशांना बघत असतील, तर गॅरेजमध्ये सेटिंग करून घ्या.

४. बल्ब जोडीने बदला. जुना हॅलोजन उडण्याआधीही मंद होतो. त्याच वॉटचा, चांगल्या कंपनीचा नवीन जोड घ्या. बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाचं तेल तिथे राहतं, तो भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो.

५. मगच व्होल्टेज मोजा. गळती असेल तर आधी कपलर आणि अर्थिंग साफ. तरीही फरक राहिला, तर जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडून, फ्यूजसकट रिले.

आधीच काही बसवलेलं असेल तर एक काम आजच करा. अर्धा तास दिवे लावून गाडी चालवल्यावर दिवे बंद करा, बॉनेट उघडा. जळक्या प्लास्टिकचा वास, तपकिरी पडलेला कपलर, स्टिअरिंगची दांडी कोमट लागणं, दिवे मध्येच लुकलुकणं यातलं काहीही आढळलं, तर आहे तसं चालवत राहू नका. मूळ बल्ब परत टाका आणि वायरिंग दाखवून घ्या. चालत्या गाडीत धूर दिसला तर कडेला थांबा, इंजिन आणि दिवे बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, लांब उभे राहा आणि ११२ ला फोन करा. बॉनेट धाडकन उघडू नका, आत आग असेल तर हवा मिळताच ती भडकते.

एवढं सगळं केल्यावर तुमच्या दिव्यांचा फोटो कदाचित ग्रुपवर भाव खाणार नाही. उजेड पिवळसरच असेल. पण तो रस्त्यावर पडेल, डाव्या कडेचा दगड दाखवेल आणि समोरून येणाऱ्याला डोळ्यांवर हात धरावा लागणार नाही. आणि घाटात पाऊस कोसळत असेल, कडच दिसेनाशी झाली असेल, तेव्हा बाजारातला कुठलाच बल्ब कामाला येत नाही. तिथे उपयोगी पडतो तो उजवा पाय. तो थोडा वर उचलायचा.